बारा पायांचा सिनेमा

मित्रांनो, मी एक जुने बाकडे आहे. फणसाच्या लाकडाचे, चार पायांचे, सहा माणसांचे. रत्नागिरीत मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर करीमचाचांचे घर आहे. त्या घराच्या पुढच्या खोलीत मी चौतीस-पस्तीस वर्षे उभे आहे. तुम्ही म्हणाल, बाकड्याने सांगण्यासारखे काय असणार? बसणारे बसतात, उठणारे उठतात. पण माझ्यावर बसून माणसे जेवढी घाबरली, तेवढी स्मशानाच्या वाटेवरही कधी घाबरली नसतील. लोकांची भीती तुम्ही त्यांच्या तोंडावर पाहता. मी ती खालून पाहिली आहे.

माझा जन्म पावसच्या बाजूला आप्पा सुतारांच्या परसात झाला. एका वादळात त्यांचा फणस आडवा झाला. घरच्यांनी सरपणासाठी कुऱ्हाडी काढल्या, तर आप्पा आडवे पडायचेच बाकी राहिले. त्यांनी फळ्या पाडल्या, वर्षभर सावलीत सुकवल्या आणि मला घडवले. माझा रंग तेव्हा ताज्या हळदीसारखा पिवळा होता. आता मी पार काळवंडले आहे, पण कुरकुरत मात्र नाही. ते श्रेय आप्पांचे.

त्याच सुमारास करीमचाचा आखातातून सात वर्षांनी कायमचे परत आले. येताना त्यांनी एक रंगीत टीव्ही आणि एक व्हीसीआर आणला आणि पुढच्या खोलीत व्हिडिओ लायब्ररी थाटली. गिऱ्हाइकांना बसायला म्हणून आप्पांकडून मला आणले. मुंबईहून एसटीच्या पार्सलने कॅसेटी यायच्या. भिंतभर फळ्यांवर मारधाडीचे, रडारडीचे, देवादिकांचे सिनेमे लागले. पण सगळ्यात जास्त मागणी असायची ती भुताच्या सिनेमांना. आमच्या कोकणात प्रत्येक पारावर, प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी राहतेच, तरी माणसांना भूत पैसे देऊन बघायचे असते!

एकदा काय झाले, खालच्या आळीतला रघू, जो टीव्ही दुरुस्त करायचा, तो एक कॅसेट परत घेऊन आला. वेष्टनावर रक्ताळलेली कवटी होती. रघूने ती माझ्यावर आपटली.

"चाचा, ह्यात भूत खंय हाय? तीन तास नुसती गाणी! तुम्ही बोललात, लय भीती वाटते म्हणून रात्री बायकोला जागी ठेवली. ती आता माझ्याशी बोलत नाय."

चाचांना ते फार लागले. ते बोलीचे पक्के. अर्धा पाव कमी आलेला चालेल, पण दिलेला शब्द कमी भरलेला त्यांना चालायचा नाही. त्या दिवशी त्यांनी ठरवले, की भुताचा सिनेमा आधी पारखायचा आणि मगच द्यायचा.

झाले, दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली, की खिडक्यांना गोणपाटे लागायची. सहा माणसे माझ्यावर बसायची आणि चाचा बाजूला स्टुलावर बसून त्यांचे चेहरे न्याहाळायचे. पण चेहऱ्यांवरून काही कळेना. जो सगळ्यात घाबरलेला असे, तोच मोठ्याने हसे. कोणी उगाच किंचाळे. चाचा हैराण झाले. तेव्हा त्यांची बायको, हफीजाचाची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून मासे साफ करत होती. पाटावर बसलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर काय येणार? लोकांचे पाय.

"तोंडं कशाला बघताव?" ती म्हणाली. "तोंड खोटं बोलतं. पाय बघा."

मित्रांनो, इतके शहाणपणाचे वाक्य त्या खोलीत पुन्हा कोणी बोलले नाही. खरी भीती वाटली, की माणूस पाय जमिनीवरून उचलून बाकड्यावर घेतो. त्याला स्वतःलाही ते कळत नाही. समोर पडद्यावर काहीही असो, हात लागणार तो खालच्या अंधारातूनच, हे त्याच्या पायांना पक्के ठाऊक असते. आणि तो अंधार म्हणजे माझे पोट!

तेव्हापासून चाचा पाय मोजू लागले. कॅसेटीवर गोंदाने चिठ्ठी चिकटायची, 'पाय ४', 'पाय ६'. दोन पायांचा सिनेमा पोराटोरांनी न्यावा. आठ पायांचा तापातून उठलेल्याला मिळत नसे. दहा पायांचा घरात गरोदर बाई असेल तर चाचा देतच नसत, मग गिऱ्हाईक कितीही रागावो. एका नव्या गिऱ्हाइकाने विचारले होते, "हा चपलेचा नंबर काय?" पण हळूहळू सगळ्यांना हिशेब उमगला. दापोलीच्या कॉलेजातले विद्यार्थी एसटीने येत आणि दारातूनच ओरडत, "चाचा, आठच्या खाली नको!"

बारा पाय मात्र कधी झाले नाहीत. चाचांच्या मनाला ती रुखरुख लागून राहिली होती. "सहाच्या सहा माणसं घाबरतील असा एक तरी सिनेमा दुनियेत असंल ना गो?" ते चाचीला विचारत. चाची म्हणे, "असंल. तुमचं जेवण गार होतंय."

आणि मग तो शुक्रवार आला. सिनेमा परदेशी होता. एक ओसाड बंगला, अंगणात विहीर आणि पांढऱ्या कपड्यातली एक नर्स. माझ्यावर आप्पा सुतार होते, रघू होता, तीन खलाशी होते आणि टोकाला चाचांचा मुलगा मुझम्मिल, तेव्हा आठ वर्षांचा. चाचीने सकाळीच चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, घेतल्या होत्या. जमीन गार म्हणून त्यांची टोपली तिने माझ्याखाली सरकवली होती. नांग्या सुंभाने बांधलेल्या होत्या, पण एकीची गाठ सैल राहिली. चाचीच्या हातून असे कधी होत नाही, त्या दिवशी झाले.

विहिरीच्या काठावर एक ओला हात आला आणि नेमकी तेव्हाच ती चिंबोरी टोपलीतून उतरून फिरायला निघाली. आधी तिने रघूच्या टाचेला स्पर्श केला. रघूचे पाय वर. मग खलाशांचे. मग आप्पांचे. शेवटी मुझम्मिलने "अम्मी!" म्हणून टाहो फोडला आणि पाय पोटाशी घेतले. कोणी खाली पाहिले नाही. खाली पाहण्याची छाती कोणाला होती?

चाचा स्टुलावरून उठले. टीव्हीच्या निळ्या उजेडात त्यांचे ओठ हलत होते. "दहा... अकरा... बारा. बारा गो हफीजा, बारा!" त्यांचे डोळे भरून आले होते.

चाची एव्हाना माझ्याखाली वाकली होती. तिने चिंबोरी मागून धरली, टोपलीत टाकली आणि वरून फडके दाबले. सांगायला तोंड उघडले, चाचांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मिटले. ती एवढेच म्हणाली, "होय, मी पण बघितलं." त्या कॅसेटीवर 'पाय १२' ची चिठ्ठी लागली. ती न्यायला दाभोळपासून माणसे आली. खरे काय ते चाचीला ठाऊक होते आणि मला. मी बोलत नाही, आणि ती बोलली नाही.

ते दिवस सुखाचे होते, मित्रांनो. पुढे घरोघरी केबलच्या तारा आल्या, मग तबकड्या आल्या, मग खिशाखिशात फोन आले. गोणपाटे निघाली. आप्पा गेले. कॅसेटींना खाऱ्या हवेने बुरशी धरली आणि त्या भंगारात गेल्या. एक तेवढी राहिली, चाचांच्या कपाटात. माझ्यावर वर्तमानपत्रांची रद्दी, कांद्याची पोती आणि छत्र्या बसू लागल्या. छत्रीला कसली भीती!

यंदा मुझम्मिल दोह्याहून सुट्टीवर आला. चांगला मुलगा आहे, आईबापांचे सगळे करतो. त्याच्या मनात पुढची खोली आरे-वारेला जाणाऱ्या पर्यटकांना भाड्याने द्यायची होती. त्याने टेप लावून खोली मोजली आणि माझ्यापाशी थांबला. "अब्बा, इथं पलंग येईल. हे बाकडं लाकडाच्या वखारीत देऊ." चाचांनी माझ्यावरची छत्री उचलून कोपऱ्यात ठेवली. मला वाटले, भरली आपली शंभर वर्षे.

त्याच आठवड्यात चाचांची नात महरीन मैत्रिणींना घेऊन आली. ती चाचांच्या मुलीची मुलगी, नववीत आहे. बरोबर वेदिका, सानिका आणि निशिगंधा. चौघी माझ्यावर बसून आपापल्या फोनमध्ये पाहत होत्या.

"नाना, जगातले सगळ्यात भयानक म्हणून सांगतात ते सगळे बघून झाले," महरीन म्हणाली. "कशाचीच भीती वाटत नाय. तुमच्याकडे एखादा खरोखरचा भीतीचा सिनेमा होता का हो?"

कित्येक वर्षांनी चाचांना कोणी तो प्रश्न विचारला होता. ते ताठ बसले. "बारा पायांचा आहे," ते म्हणाले. मुझम्मिल दारात उभा होता. चाचांनी त्याच्याकडे वळून सांगितले, "शुक्रवारी लावतो. बारा पाय वर गेले नाहीत तर खुशाल बाकडं वखारीत ने. माझा शब्द खोटा म्हणून ने."

चाचीच्या हातातला पेला ओट्यावर जरा जोरातच टेकला.

रघू आता पिकल्या केसांचा झाला आहे. त्याने दोन दिवस खपून व्हीसीआर चालू केला आणि कापसाने त्या जपून ठेवलेल्या कॅसेटीची फीत पुसली. शुक्रवारी गोणपाटे लागली. चौघी मुली, रघू आणि टोकाला मुझम्मिल. किती वर्षांनी माझ्यावर सहा माणसांचा भार आला होता! मला तर आप्पांच्या परसातला वारा आठवला.

पण सिनेमा सुरू झाला आणि माझे मन खचू लागले. चित्रावर मुंग्या चालत होत्या. नर्स चालली, की सानिकाला हसू येई. वेदिका म्हणाली, "तिचा केसांचा टोप घसरतोय बघ." निशिगंधा पाय हलवत बसली होती. रघूसुद्धा जांभई देऊ लागला. चाचा स्टुलावर बसून जमिनीकडे पाहत होते. बाराच्या बारा पाय खाली. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत डोळ्यांवर घातलाच नाही.

"राहू दे, अब्बा," मुझम्मिल हळूच म्हणाला. "जुना झाला सिनेमा. बाकड्याचं आपण मग बघू."

"मग नाय," चाचा म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

मित्रांनो, मी चार पायांवर उभे होते, पण त्या क्षणी मला एकाही पायाचा भरवसा वाटेना. पडद्यावर ती विहीर आली. उंबऱ्याशी चाची पाटावर बसली होती, शेजारी टोपली. सत्तरीतली बाई, पण तिचे हात अजून तरबेज. मी पाहिले, तिने टोपलीत हात घातला, एक गाठ सोडली आणि हात माझ्याखाली आणून रिकामा मागे नेला.

ओला हात काठावर आला. निशिगंधाचे हलते पाय एकदम थांबले आणि वर गेले. मग वेदिकाचे. सानिकाचे हसू अर्ध्यावर तुटले. महरीनने किंचाळून मैत्रिणीचा दंड धरला. रघू "आयला!" म्हणून उकिडवा झाला. शेवटी राहिला मुझम्मिल. चाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. त्याने "अम्मी!" अशी हाक मारली आणि दोन्ही पाय थेट पोटाशी घेतले.

"बारा," चाचा म्हणाले. फार मोठ्याने नाही.

अंधारात चाचीचा हात पुन्हा एकदा माझ्याखाली येऊन गेला, आणि गोणपाटे काढली तेव्हा माझ्याखाली हलणारे काही नव्हते. मुली एकमेकींना विचारत होत्या, "तुझ्या पण पायाला लागलं?" "आईशप्पथ लागलं!" आणि माझ्याखाली काहीच नाही म्हटल्यावर त्या आणखी पांढऱ्या पडल्या. पुढच्या शुक्रवारी येतो म्हणून त्या एकमेकींचे हात धरून निघाल्या. मुझम्मिलने टेप उचलली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पलंग त्या भिंतीला बसेल." तो रघूला सोडायला गेला.

खोलीत दोघेच उरले. चाचा काठी टेकत आले, सावकाश खाली वाकले आणि माझ्याखालून सुंभाचा एक तुकडा उचलला. चाची टोपली झाकून घेत होती. तिचे हात थांबले.

चाचांनी त्या कॅसेटीची पेटी उघडली. आत, तळाशी, सुंभाचा दुसरा एक तुकडा होता. जुना, काळा पडलेला. तो मी त्या दिवशी प्रथम पाहिला. इतकी वर्षे मला वाटत होते, की सगळे मलाच ठाऊक आहे!

"तुम्हाला माहीत होतं?" चाचीने विचारले.

"दुसऱ्या दिवशी झाडताना मिळाला. आकडा खोडायला पेन घेतलं होतं. तोवर कॅसेट दाभोळला गेली होती. सोमवारी तो माणूस परत घेऊन आला, तर भर दुपारी दारातनं आत येईना, उंबऱ्यावरनंच दिली. बिचाऱ्याला कुठली चिंबोरी चावली होती? भीती खरी होती गो. मग खोडू कसा?" त्यांनी नवा तुकडा जुन्याशेजारी ठेवला. "इतकी वर्षं झाली, अजून तुला नांगी बांधता येत नाय."

"आणि तुम्हाला मोजता," चाची म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले आणि दोघे माझ्यावर बसले, टोपली मध्ये ठेवून. दोन माणसांचे वजन ते काय, पण मला ते बाराही पायांपेक्षा जड वाटले.

मित्रांनो, तुम्हीही खरा भीतीचा सिनेमा शोधत असाल. फोनमध्ये हजार मिळतील. पण एकट्याने पांघरुणात पडून पाहिलात, तर त्यातला एकही तुम्हाला घाबरवणार नाही. आधी एक बाकडे शोधा. तुमच्याही घरात असेल, रद्दीखाली, पोत्यांखाली. त्याला ओल लागू देऊ नका, वखारीत पाठवू नका. ओल्या फडक्याने नको, कोरड्याने पुसा, खिडक्या लावून घ्या आणि शेजारी पाच माणसे बसवा. त्यांचे खांदे तुमच्या खांद्यांना लागू द्या. आणि एवढे करा, बसताना पाय खाली सोडा. वर घ्यायचे तर आधी ते खाली असावे लागतात. खालचे मी बघून घेईन.