कीडबाबांची बत्तिशी

लाँड्रीच्या मागच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध बसले होते कीडबाबा. पुढ्यात पाण्याची परात, परातीत तापलेली वीट. विटेवर चिमूटभर ‘दिव्य चूर्ण’ टाकून बाबा वर नळी बसवलेलं झाकण ठेवत. दातदुख्यानं नळीला तोंड लावून धूर ओढायचा. झाकण उचललं की पाण्यात पांढरे, वाकडे किडे तरंगत, आणि गर्दी एका सुरात “अगं बाई!” म्हणे.

“डॉक्टर दात काढतो आणि कीड ठेवतो!” बाबा गरजले. “मी कीड काढतो आणि दात ठेवतो!”

मला सहावा महिना होता. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. थोरली सातव्या महिन्यातच जन्मली आणि दीड महिना दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होती. पुन्हा तसं होईल या भीतीनं माझी झोप उडाली होती, सासूबाईंची तर माझ्याहून जास्त. म्हणून त्या मला इथं घेऊन आल्या. मी नाक मुरडत आले, पण आले.

“कीड बाळाच्या वाटेला लागलीय,” बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले. “ती काढली की बाळ वेळेवरच येईल, ही माझी हमी!”

सासूबाई पुढे सरसावल्या. “आधी मी ओढते धूर. हिला काही झालं म्हणजे?”

त्यांनी पाठ फिरवली, रुमालात काहीतरी गुंडाळलं आणि नळी ओठांत धरली. झाकण उचललं.

“बत्तीस!” बाबा ओरडले. “दाताला एक! माई, डावी अक्कलदाढ तर पार पोखरलीय!”

“माझी?”

“तुमचीच!”

सासूबाईंनी रुमाल उलगडला. आत कवळी. “मग यात शोधा बाबा. धुरानं काळी पडेल म्हणून काढून ठेवली होती. तोंडात तर अकरा वर्षांत एक दात नाही.”

“ते... जुन्या दातांचे किडे!”

“अकरा वर्षं उपाशी होते होय बिचारे?”

शेड हसून हसून गडबडा लोळायची बाकी राहिली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई धुरानं खोकत खाली आल्या. त्यांनी चूर्ण हातावर घेतलं. ते कसलंसं बारीक बी होतं. त्यांनी ते विटेवर टाकलं, झाकण ठेवलं आणि नळीला कुणालाच तोंड लावू दिलं नाही. पाण्यात पुन्हा किडे.

“आता विटेची कुठली दाढ किडली?” बाई म्हणाल्या. “बी तापून फुटतं आणि आतला पांढरा कोंब पाण्यात पडतो. दात किडतो असं आपण म्हणतो, पण त्यात किडे नसतात.”

बाबा परात तिथंच टाकून पसार झाले.

बाईंनी मला वर नेऊन हिरड्या तपासल्या.

“गरोदरपणात येतंच ना रक्त?” मी विचारलं.

“येतं, पण म्हणून सोडून द्यायचं नाही. हिरड्यांचा आजार असलेल्या बायकांमध्ये वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. नेमकं कशामुळे, ते अजून पुरतं कळलेलं नाही. हिरड्या साफ करू. त्या बऱ्या होतील, आणि हा उपचार या दिवसांत चालतो. बाळ वेळेवरच येईल, अशी हमी मात्र मी देणार नाही.”

“बाबा देत होते,” सासूबाई पुटपुटल्या.

“तेच तर ना, मावशी!”

मुलगा दिलेल्या तारखेनंतर चार दिवसांनी, गल्ली डोक्यावर घेत जन्मला. सासूबाई घरोघर सांगत सुटल्या, “डॉक्टरीणबाईंच्या हातात जादू आहे!” मी त्यांना दर वेळी अडवते. उपचारामुळे तो वेळेवर आला की तसाही आला असता, मला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणायची मला लाज वाटत नाही. ती लाज बाबांना वाटत होती, म्हणून त्यांना किडे दाखवावे लागायचे. तेव्हा बायांनो, हिरडीतून रक्त आलं तर दातांचा दवाखाना गाठा. पोटात बाळ असेल तर आजच.