कुरतडलेली पानं

"मॅडम, तुमच्या झाडपाल्यानं आजवर एक तरी पेशंट बरा झालाय का?"

हा प्रश्न मी भरलेल्या सभागृहात, हातात माईक घेऊन, माझ्या सख्ख्या आत्याला विचारला. वर तिला 'मॅडम' म्हटलं.

पैज कावळीची होती. कावळी माझी जिवलग मैत्रीण. नाव आवाजावरून पडलंय आणि तिला ते मनापासून आवडतं. "तू विचारूच शकत नाहीस," ती म्हणाली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा कुजबुजून 'हजर' म्हणायचे. यंदा वक्तृत्वात दुसरी आले आणि माझ्यात कुठलंसं बटण चालू झालं, ते बंद कसं करायचं हे अजून सापडलेलं नाही. मी उठले.

आत्या तिच्या संशोधनाबद्दल सांगायला शाळेत आली होती. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाही," ती म्हणाली. "एकही नाही."

सभागृह हसलं. आत्याही हसली, पण आईच्या हातून मीठ जास्त पडल्यावर 'छान झालंय' म्हणताना हसते ना, तसं. मी पैज जिंकून खाली बसले, पण कावळीनं पुढं केलेल्या हातावर टाळी दिली नाही.

शनिवारी मी तिच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत गेले. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला तिची खोली आहे. तिथं एक उबदार कपाट आहे, कपाटात चपट्या बश्या, बश्यांत गुलाबी पाणी आणि त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी. माणसाबाहेर, बशीत, वर्षानुवर्षं वाढणाऱ्या. शेजारच्या कपाटात कुठल्याच औषधाला दाद न देणारे जंतू.

"सॉरी," मी दारातूनच म्हणाले.

"कशाबद्दल? प्रश्न चांगला होता. चपला काढ आणि ये आत."

मग तिनं सभागृहात सांगायचं राहून गेलेलं सगळं मला सांगितलं. या पेशी सुरुवातीला औषधानं मरतात. नंतर त्यांतल्या काही शहाण्या होतात आणि आत शिरलेलं औषध उपसून बाहेर टाकायला लागतात, होडीत शिरलेलं पाणी आपण बादलीनं उपसतो तसं. जंतूही तेच करतात.

"मारणारी औषधं आहेत गं," आत्या म्हणाली. "मला त्यांच्या हातातली बादली हिसकावून घेणारं काहीतरी हवंय."

"ते तुझ्या झाडात आहे?"

"होतं."

आठ वर्षांपूर्वी मागच्या बागेतल्या एका झुडपाच्या पानांच्या अर्कानं ती बादली खरंच हिसकावली होती. एकदा. त्यानंतर तेच झुडूप, तोच वाफा, तीच पद्धत, एक्केचाळीस वेळा, आणि काही नाही. आता तिच्या विभागाच्या मोठ्या सरांचाही धीर सुटलाय. वार्षिक परीक्षा संपल्या की ही खोली दुसऱ्या कुणाला मिळणार.

"आजीसाठी सुरू केलंस ना हे?" मी विचारलं. बाबा हा विषय काढत नाहीत, पण मला माहीत आहे. आजीचं औषध आधी लागू पडलं, मग पडेनासं झालं. मी तेव्हा पहिलीत होते.

"तिच्यासाठी उशीरच झाला होता," आत्या म्हणाली. "पण तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई माझ्या वयाची होती."

मी म्हणाले, "ते पहिल्या वेळचं पान दाखव."

प्रत्येक खेपेची एक डहाळी दाबून, वाळवून, तारखेसह कागदावर चिकटवून ठेवायची असा तिथं नियम आहे. मी सगळे बेचाळीस कागद टेबलावर मांडले. दहा फरक ओळखा या कोड्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही, आणि इथं तर फरक एकच होता. एक्केचाळीस डहाळ्या लग्नपत्रिकेवर छापाव्यात अशा देखण्या. पहिलीची पानं म्हणजे नुसती चाळण.

"आत्या, ही कुणी खाल्ली?"

"अळ्यांनी. त्या वर्षी फार झाल्या होत्या. म्हणून तर पुढं मी नियम केला, डाग नसलेलं, भोक नसलेलं पानच..." ती बोलता बोलता थांबली. मग तो कागद उचलून ती थेट मागच्या बागेकडे निघाली, मी तिच्या मागं.

माळीकाका वाफ्याला पाणी घालत होते. या बागेत ते माझ्या जन्माआधीपासून आहेत.

"काका, या झुडपांना अळी लागत नाही का हो?" मी विचारलं.

"माझ्या राज्यात?" काका छाती फुगवून म्हणाले. "आठ वर्षांत एक जगू दिली नाही. फवारणी केली तर ताईंच्या प्रयोगात उतरेल, म्हणून सकाळ-संध्याकाळ हातानं वेचतो. गुडघे गेले माझे त्यात." मग त्यांनी आत्याकडे पाहिलं. "काय झालं ताई? चुकलं का काही?"

"तुमचं नाही," आत्या म्हणाली. "काका, मला वाटतं, अळी चावली की हे झाड चिडतं आणि स्वतःला वाचवायला पानात काहीतरी तयार करतं. आपण त्याला चिडूच दिलं नाही."

काकांच्या हातातल्या नळीचं पाणी त्यांच्याच पायावर पडत राहिलं. "म्हणजे मी आठ वर्षं..."

"आपण दोघांनी," आत्या म्हणाली आणि त्यांच्या मातीनं माखलेल्या हातावर तिनं हात ठेवला. काकांनी जाऊन नळ बंद केला.

"मला जन्मात पहिल्यांदा कुणी कामात हयगय करा म्हणतंय," शेवटी काका म्हणाले. "जमतंय का बघतो."

अर्ध्या वाफ्यावर आम्ही जाळी टाकली, अर्धा अळ्यांसाठी मोकळा सोडला. तीन आठवडे मी रोज शाळा सुटल्यावर भोकं मोजली. कावळी एकदा आली आणि अळी दिसताच अशी ओरडली की मोठे सर खिडकीत आले. काका मात्र त्या वाफ्यावरून जाताना तोंड फिरवून घ्यायचे. बघवत नाही म्हणायचे.

प्रयोगाच्या दिवशी चार बश्यांवर फक्त मी टाकलेले वाटेल ते आकडे होते. कुठल्या बशीत कुठल्या पानांचा अर्क आहे ते आत्याला कळू नये म्हणून यादी माझ्या मुठीत. सगळ्या बश्यांत या पेशींवर चालेनासं झालेलं तेच जुनं औषध घातलं होतं. आत्या सूक्ष्मदर्शकातून पाहत एकेक सांगत गेली.

"दोन, टवटवीत. पाच, मेल्यात. सहा, टवटवीत. आठ..." ती थांबली. "आठ, मेल्यात."

मी मूठ उघडली. कागद घामानं भिजला होता. "पाच आणि आठ कुरतडलेली," मी वाचलं. "दोन आणि सहा जाळीतली."

आत्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुष्कळ वेळ परत घातलाच नाही.

मोठे सर येऊन बघून गेले. "एकदा दिसलेलं मी आठ वर्षांपूर्वीही पाहिलंय," ते म्हणाले. "आणखी पाच वेळा दाखवा. सुट्टी संपेपर्यंत खोली तुमची."

पण तोवर अळ्यांचे कोश झाले होते. कोशांतून पतंग निघणार, ते अंडी घालणार, तेव्हा कुठं नव्या अळ्या. बागेत ठेवले तर पतंग उडून जातील, म्हणून नव्या अळ्या वाफ्यावर सोडण्याइतक्या होईपर्यंत कुणीतरी घरात पाळायला हव्यात. प्रयोगशाळेत किडा चालत नाही. एक पतंग आत शिरला तरी सगळ्या बश्या नासायच्या. आत्या दिवसभर घरी नसते. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "मी त्यांना भरवू? माझ्याकडून नाही होणार, पोरी."

त्या संध्याकाळी जेवताना मी खुर्ची मागं सारून उभी राहिले, वक्तृत्वाला राहते तशी. आई झुरळ दिसलं तरी पलंगावर चढते, हे मला ठाऊक होतं. सुट्टीत मामाकडे जायची तिकिटं काढून झाली होती, हेही.

"आता काय?" बाबा म्हणाले. "नापास झालीस का?"

"आत्याच्या झाडानं अजून एकही माणूस बरा झालेला नाही," मी म्हणाले. "ती म्हणते, सगळं नीट जमलं तरी पुढची कितीतरी वर्षं होणार नाही. पण आजीचं औषध लागू पडेनासं झालं होतं ना, तसं कुणाचं झालं तर..."

बाबांनी चमचा खाली ठेवला. माझं ते बटण चालूच होतं.

"म्हणून मी ठरवलंय. सुट्टीत मी मामाकडे येणार नाही. माझ्या खोलीत, खिडकीपाशी, जाळीच्या डब्यांत मी दोनशे अळ्या वाढवणार आहे. आणि आई, तू आधी शांत बस, त्यांचे साठ कोश आत्ता माझ्या दप्तरात आहेत."