कापलेल्या जिभेची केबल

मी एक जुनी केबल आहे, इंटरनेटची. रंग करडा, लांबी बावीस मीटर आणि पोटात तांब्याच्या आठ बारीक तारा, दोन-दोन एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. माझे एक टोक खालच्या शिवणखोलीत असते आणि दुसरे वरच्या मजल्यावरच्या खोलीत. त्यामुळे मित्रांनो, या घरातले खालचे बोलणे मला कळते आणि वरचेही. चहाडी मात्र मी कधी केली नाही. आज पहिल्यांदाच तोंड उघडते आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका भल्यामोठ्या रिळावर झाला. एका वायरमनने त्यातून मला मापून कापले आणि माझ्या दोन्ही टोकांना पारदर्शक जॅक चिमट्याने दाबून बसवले. प्रत्येक जॅकला प्लास्टिकची एक इवलीशी जीभ असते. राउटरमध्ये शिरताना ती 'टक्' असा आवाज करते आणि आत घट्ट अडकून बसते. ही जीभ लक्षात ठेवा. पुढचे सगळे महाभारत तिच्यावरूनच झाले.

तो वायरमन म्हणजेच या घरातले बाबा. जिन्याच्या कडेने खिळे मारत त्यांनी मला वर नेले, ते मोठ्या मुलीच्या अभ्यासासाठी. चार वर्षे मी तिचे धडे, तिची चित्रे आणि तिचे मैत्रिणींशी चाललेले रुसवेफुगवे वाहिले. शेवटच्या परीक्षेचा निकालही माझ्यातूनच घरात आला. तेव्हा तिने मला चक्क थोपटले होते. केबलला कोण थोपटते हो? मी ते अजून विसरले नाही.

पुढे ती नोकरीसाठी दूर गेली. भिंतींना रंग द्यायचे ठरले आणि बाबांनी मला उपटून काढले.

"दिवसभर लोकांच्या भिंतींतून वायरी ओढतो मी," ते म्हणाले. "निदान घरात तरी वायर दिसायला नको."

आई शिवणकाम करते. चिंधीसुद्धा टाकायची नाही, ही तिची रीत. तिने मला शिवणखोलीत दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधले आणि माझ्यावर अर्धवट शिवलेले झगे आणि शाळेचे गणवेश लटकवायला सुरुवात केली. मी नाक मुरडले, पण अडगळीत पडण्यापेक्षा हे बरे म्हणून गप्प राहिले. माझे एक टोक कापड कापायच्या टेबलापाशी लोंबत असे. एके दिवशी एका रेशमी झग्याचा धागा माझ्या जिभेत अडकला आणि सर्रकन ओढला गेला.

"मेली सारखी मधे मधे करते," आई करवादली. तिने मोठी कात्री उचलली आणि कच्! माझी जीभ चिंध्यांच्या ढिगात जाऊन पडली. मला ओरडताही आले नाही.

दरम्यान धाकटी मुलगी मोठी झाली. ती आठवीत आहे. सुईत दोरा ओवायला आई तिलाच हाक मारते, इतका तिचा हात आणि डोळा नेमका. तिला संगणकावरच्या एका खेळाचे वेड आहे. चौघांनी आपापल्या घरून खेळायचे आणि मिळून एक पूल राखायचा. शाळाशाळांच्या स्पर्धेत तिच्या शाळेचा संघ उतरला आणि चौघांत तिची निवड झाली. त्या दिवशी ती जिना उतरली नाही, जिन्यावरून उड्या मारत आली.

तोवर वरच्या खिडकीत एक पांढरीशुभ्र पेटी आली होती. बिनतारी इंटरनेटची. तिला खिळे नकोत, वळणे नकोत. हवेतून घेते आणि हवेतूनच देते. बाबा तिच्यावर जाम खूश. खालच्या राउटरचे जुने तारेचे कनेक्शन काढून टाकायचे त्यांनी जवळजवळ ठरवलेच होते. आई म्हणाली, "महिनाभर दोन्ही राहू द्या. मग एक काढा."

खरे सांगते, पेटी वाईट नव्हती. सिनेमे झकास दिसत, आईच्या फोनवर शिवणाचे नमुने झरझर उघडत. पण या खेळात पाव सेकंदाचाही उशीर चालत नाही, आणि रविवारी दुपारी सगळी गल्ली इंटरनेटवर तुटून पडते. पहिल्या सामन्यात धाकटी बटण आत्ता दाबायची आणि तिचा शिपाई मागाहून हलायचा. तोपर्यंत पूल गेलेला. हेडफोनमधून तिचे सोबती हसले आणि तिचे नाव पडले 'कासव'. चिडवण्याचे तिला काही वाटले नाही. हात चालत असून हरल्याचे वाटले.

"बाबा, मला केबल द्या," ती म्हणाली.

बाबांनी कुरकुरत मला खिळ्यांवरून सोडवले, जिन्यावरून वर नेले. कितीतरी दिवसांनी माझ्यातून पुन्हा वीज सळसळली. दुसऱ्या सामन्यात पंधरा मिनिटे ती अशी खेळली की हेडफोनमध्ये सगळे चूप. आणि मग एकाएकी पडदा थिजला. मी राउटरमधून सुटले होते.

का सुटले, ते ऐका. राउटर आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावरच आहे. ती दुसऱ्या दिवशी द्यायचे गणवेश शिवत होती. मशीन धडधडे, टेबल थरथरे आणि जीभ नसलेली मी केसाकेसाने मागे सरकत होते. मी जिवाच्या आकांताने धरून राहायचा प्रयत्न केला. पण धरायला होते काय माझ्याजवळ?

बाबा धावत खाली आले, तेव्हा आई जागेवरून उठली होती आणि मशीन बंद होते. घाईत माझ्या टोकाकडे न पाहताच त्यांनी मला पुन्हा आत ढकलले. सगळे सुरळीत! "तार जुनी झाली. हिचा भरवसा नाही," त्यांनी निकाल दिला. वर धाकटीला कप्तान सांगत होता, "कासवा, पुढच्या रविवारीही पडलीस ना, तर तुझी जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. आमचाही नाइलाज आहे."

ती "बरं" म्हणाली. मग हेडफोन काढून उशीत तोंड खुपसून रडली. माझे वरचे टोक तिच्या पायाशीच होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शनिवारी बाबांनी मला गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकले. संपले आपले, असे मी धरून चालले. तेवढ्यात आई चिंध्या टाकायला आली. माझे टोक बाहेर डोकावत होते. तिने ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि मटकन स्टुलावर बसली.

"अहो, इकडे या. ही इथे एक जीभ असते ना? ती मी कापली होती. धागे अडकायचे म्हणून."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"मला काय माहीत ती कामाची असते! मला वाटलं, शोभेची आहे." मग ती हळूच म्हणाली, "पोरीचं नुकसान माझ्या कात्रीनं झालं हो. तिला मीच सांगते."

धाकटी ऐकून क्षणभर रागावली आणि दुसऱ्या क्षणी खुदकन हसली. "म्हणजे मी कासव नाहीच!"

बाबांनी चिमटा आणला. जुना जॅक छाटला, आठ तारा ओळीने लावल्या, नवा जॅक दाबला. मी राउटरमध्ये शिरले आणि 'टक्' झाले. मित्रांनो, त्या एका आवाजाने माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी चार वाजता आईने मशीनवर कापड झाकले. "सामना संपेपर्यंत मी टाक्यालाही हात लावत नाही."

जिन्यावरून आवाज आला, "आई, तू चालव! मला बघायचंय केबल टिकते का."

आई घाबरत घाबरत बसली. आधी हळू, मग भरधाव. टेबल गदगदले, कात्री सरकून खाली पडली, मी मात्र तसूभर हलले नाही. वर धाकटीच्या बोटाबरोबर शिपाई हलत होता, जराही मागे नाही. शेवटच्या मिनिटाला कप्तान ओरडला, "कासवा, तू पुढे हो!" ती पुढे झाली आणि पूल राहिला.

खाली आई नुसतीच मशीन चालवत होती. सुईखालचे कापड केव्हाच संपले होते.

पांढरी पेटी खिडकीत तशीच आहे. फोन तिच्याकडे आणि खेळ माझ्याकडे, अशी वाटणी झाली. आमचे भांडण नाही. बाबांना आता मी जिन्यावर दिसते आणि ते कानाडोळा करतात.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंचा एखादा बारीकसा भाग बिनकामाचा वाटला, तर कात्री लावण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि लावलीच असेल, तर आईसारखे सांगून टाका. ती त्या दिवशी गप्प राहिली असती, तर मी कचऱ्यात गेले असते आणि एक चपळ मुलगी स्वतःला जन्मभर कासव समजत राहिली असती.