पाण्याकडची खोली

"ही नको," बानाबाई म्हणाली.

मॅनेजरनं उघडून दाखवलेली ही तिसरी खोली. पोरगा भला होता, तोंड वाकडं न करता किल्ली हातात धरून उभा राहिला. घाम फुटला तो सोनाजीला, आणि तोही एसी चालू असताना.

"आये, काय वाईट हाय हिच्यात? गादी बघ. टीव्ही बघ केवढा."

"टीव्ही घरी हाय. गादीनं पाठ दुखती."

ती गॅलरीत गेली आणि कठड्यावरून निम्मी बाहेर वाकली. समोर नाथसागर पसरला होता, पलीकडचा काठ दिसू नये एवढा. लोक तो पाहायला कुठून कुठून येतात. बानाबाईनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती अलीकडचा काठ न्याहाळत होती, एखादं मेंढरू कळपातून चुकलं की न्याहाळावा तसा.

"अम्माजी, कोनेवाली एक है," मॅनेजर म्हणाला. तो संभाजीनगरचा, गिऱ्हाइकाशी हिंदीत सुरू करायची त्याला सवय. "पर एसी नाही तिच्यात."

"नसंना. दावा."

कोपऱ्यातल्या खोलीतून इमारतीच्या आडून अर्धा लिंब दिसत होता. बानाबाईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सोनाजीला म्हणाली, "ही घे."

सोनाजी चितेगावच्या एका कंपनीत वेल्डर. बिडकीनला दोन खोल्यांत बायको, पोरं आणि आई असा संसार. आईनं जन्मात काही मागितलं नव्हतं. चपला झिजल्या तरी सांगायची नाही, त्याच्याच लक्षात यायचं. आणि उन्हाळा लागल्यापासून तिनं एकच धोशा लावला होता, की धरणाच्या काठी ते हॉटेल आहे ना, तिथं एक रात्र राहायचं. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नवरा मुंजाबा होता तोवर मेंढरांमागं उघड्यावर निजली, आता म्हातारपणी हौस सुटली. सोनाजीला हसू आलं नाही. आई आता फार दिवसांची नसेल आणि तिला ते कळलं असेल, अशी धास्ती त्यानं घेतली आणि मुकाट्यानं रजा टाकली.

खरी गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. बानाबाईला हॉटेलचं काही पडलेलं नव्हतं. तिला तिचा थोरला मुलगा बघायचा होता.

सोनाजीच्या आधी तिला एक झालं होतं. धरण तेव्हा नवं होतं. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की गाळावर हिरवं फुटायचं आणि धनगरं मेंढरं घेऊन काठाला उतरायची. त्याच मुक्कामात बाळाला जुलाब लागले. अंगावर पिणारं पोर, दातही यायचे होते. बारसं पावसाळ्यात गावी गेल्यावर करायचं ठरलेलं, म्हणून नावही नव्हतं. दवाखान्याची वाट निम्मी झाली असेल नसेल, तेवढ्यात ते गेलं. मुंजाबानं आदल्या साली पाणी कुठवर चढलं होतं ते काडीकचऱ्याच्या रेघेवरून पाहिलं आणि त्याच्याही वर, लिंबाखाली त्याला पुरलं. कोल्ही उकरतील म्हणून वर धोंडा ठेवायला हवा होता. पण गाळाच्या त्या माळावर धोंडा मिळतो कुठं? शेवटी त्यानं बानाबाईचा वाटायचा पाटाच उचलून नेला. तिनं त्याला भंडारा लावला. त्या साली ती कोरड्या मिठाशी भाकरी खात राहिली, दुसऱ्या बायकांनी पाटा देऊ केला तरी घेतला नाही.

पुढं दरसाल मेंढरं तिथं यायची, ती भंडारा लावायची. सासू म्हणायची, गेलेल्याची गोष्ट पाठच्याच्या कानावर पडू देऊ नये, ओढ लागते. म्हणून सोनाजीला कुणी सांगितलं नाही. मग ती जमीन विकली गेली आणि भोवती भिंत आली. मुंजाबा गेला, मेंढरं गेली. बानाबाई एकदा जीप धरून एकटीच फाटकापर्यंत आली होती, तर वॉचमन म्हणाला, "रूम घेतली असंल तर आत सोडतो."

म्हाताऱ्या माणसाला वाटेला लावायचं म्हणून तो बोलला असेल. बानाबाईनं ते मनावर घेतलं. रूम घेतल्यावर सोडतात ना? मग रूम घेऊ.

पण आत आल्यावर एक लिंब सोडला तर तिला काहीच ओळखू येईना. नुसती हिरवळ, फरश्या, छत्र्यांखाली खुर्च्या. इथं कुठं असेल तो? वर फरशी बसवली असेल तर? त्यावर लोक नाचत असतील तर? जेवणात तिचं लक्ष लागलं नाही. सोनाजी जरा आडवा झालेला पाहून ती हळूच बाहेर पडली आणि लिंबाच्या रोखानं चालू लागली.

लिंबाखाली पोहायचा तलाव होता. निळं पाणी, भोवती पांढरी फरशी. इथंच तर तो होता. खोदला असणार. पाटा, हाडं, सगळं यंत्रानं उचलून कुठल्या तरी खड्ड्यात भरावाला टाकलं असणार. ती तिथंच कडेला बसली. रडूही येईना.

"मावशी, तिकडनं बसा. आन् चपला काढा, देव हाय हितं."

पाइपानं झाडांना पाणी देणारा माणूस बोलत होता. सांडू त्याचं नाव, इथला माळी. त्यानं बोट दाखवलं तिकडं तिनं पाहिलं. तलाव सगळा सरळ होता, फक्त लिंबाजवळ त्याची कड एकदम आत वळली होती. त्या वळणात वीतभर उंचीचा ओटा, वर पत्र्याचं छप्पर, आणि ओट्यावर शेंदरानं माखलेला दगड.

"कंचा देव?" तिनं विचारलं.

"पाणबाबा." सांडूनं नळ बंद केला. देवाची कथा सांगायला त्याला आवडत असावं. "हौद सरळच व्हनार व्हता, मावशी. म्या सोता हुतो तवा. मशीनवाल्याला मातीत दगड दिसला, वर हळद. त्यो खालीच उतरला, म्हनला, म्या नाय हात लावनार. कंत्राटदार बी भ्याला. मंग मालकानं सांगितलं, देवाला हालवू नका, हौद वाकवा. व्हता तितंच भवती वटा बांधला. लई कडक देव हाय. नाव कुनालाच मालूम नव्हतं, आमीच ठिवलं."

बानाबाई उठली. चपला तिनं कधीच काढल्या होत्या. दगडावर शेंदराची पुटं चढून चढून तो गुबगुबीत झाला होता, पण एका कोपऱ्याची कपची उडालेली तिला लगेच दिसली. लग्नात आणलेला पाटा, तिच्याच हातून आपटला होता. आपल्या पोरानं बाळसं धरलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. केवढं ओझं उतरलं होतं तिचं. कुणी उकरलं नाही, कुणी फेकलं नाही. वर छप्पर घातलं, शेजारी माणूस ठेवला. बारसं राहिलं होतं तेसुद्धा परक्यांनी करून टाकलं.

सांडूला वाटलं, म्हातारी भाविक आहे. तो खुलून म्हणाला, "दर आखाडात बकरं देतो आमी त्याला."

"बकरं?" बानाबाईनं डोळे पुसले. "बकरं नगा देत जाऊ. त्याला दूध ठिवा."

"दूध? तुमाला कसं ठावं?"

खरं सांगायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण देव आहे म्हणून तलाव वाकला. मढं आहे म्हटल्यावर तो सरळ करायला किती वेळ लागला असता? ती म्हणाली, "आमी धनगरं. भंडारा लावलेला देव आमाला कळतो. कोमट दूध ठिवा, जरा साखर घालून."

सांडूला ते पटलं. धनगरांच्या देवाचं धनगराला कळणार, यात शंका घेण्यासारखं त्याला काही दिसलं नाही.

रात्री बानाबाई दोन माणसांचं जेवली. "ह्या भाजीत मीठ नाय," असं वाढप्याला तोंडावर सांगून तिनं तीच भाजी दोनदा घेतली. मग गादीवरची चादर काढून गॅलरीत अंथरली आणि लिंबाकडे तोंड करून निजली. सोनाजी दोनदा उठून बघून गेला. आई घोरत होती. मुंजाबा गेल्यापासून तिला असं निजलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

सकाळी निघताना तीच म्हणाली, "चल, देवाच्या पाया पडून जाऊ."

ओट्यावर दुधाची वाटी होती. हॉटेलच्या किचनमधली, स्टीलची. सोनाजीनं चपला काढल्या, टोपी काढली आणि गुडघे टेकून दगडावर डोकं ठेवलं. बराच वेळ ठेवलं. आईला आयुष्य मागत असावा. बानाबाई बघत होती. धाकटा थोरल्याच्या पाया पडत होता. हे घरात दर सणाला व्हायला हवं होतं.

"मावशी, तुमी नाय पडत?" सांडूनं विचारलं.

बानाबाई पुढं झाली. ती वाकली नाही. दोन्ही तळवे तिनं दगडावरून वरून खाली फिरवले, सावकाश, शेंदूर हाताला लागला तरी. मग ते आपल्या कानशिलांवर नेऊन बोटं कडाकडा मोडली.

सांडू हसायला लागला. "देवाची कुनी दिष्ट काढतं का, मावशी?"

"आमी काढतो," बानाबाई म्हणाली.