नाचणीचं गाणं

यशवंत मास्तरांनी वहीचं पान उलटलं आणि गिरजाबाईचं तिसरं गाणं वाचायला घेतलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, दिग्गी गावच्या देवळापुढं सगळा गाव बसला होता. गिरजाबाई खांबाला टेकून ऐकत होती. तिची दृष्टी जाऊन सात वर्षं झाली होती. जन्मभर नाचणी दळताना रचलेली गाणी मास्तरांनी पावसाळाभर तिच्याजवळ बसून उतरवून घेतली होती. आज ती पहिल्यांदाच चारचौघांत वाचली जात होती.

गाणं अर्ध्यावर असताना एक घोडेस्वार उतरला. जोडे काढून, देवाला नमस्कार करून तो मागच्या रांगेत बसला. धोतर आणि साधा कोट घातला होता, तरी सगळ्यांनी त्याला ओळखलं. तो जंगलखात्याचा रेंजर होता. सरकारनं रान जाळून नाचणी पेरायला बंदी घातली होती, आणि गेल्या साली पलीकडच्या वाडीचं उभं पीक पेटवून यानंच दोघांना कैदेत नेलं होतं.

मास्तर थांबले.

"वाचा, थांबू नका," रेंजर म्हणाला.

मास्तर वाचत राहिले. रेंजर जाणकार होता. योग्य जागी मान हलवी, एखादी ओळ पुन्हा मागून घेई. परक्या माणसाची ती दाद ऐकून गिरजाबाईचा चेहरा उजळत गेला. मास्तरांचे कोणी खानापूरचे पाहुणे असावेत, असं तिला वाटलं. 

मग रेंजरनं विचारलं, पिकापाण्यावरचं एखादं गाणं आहे का.

मास्तर नाही म्हणणार, तोच गिरजाबाई बोलली, "नाचणीचं हाय की. धा नंबरचं."

मास्तरांनी सावकाश पानं उलटली. गिरजाबाईच्या मुलानं, म्हादूनं, खाली मान घातली. गाण्यात जिची वाट होती, त्या रानात दडवून पेरलेल्या एका तुकड्यावर गावातली एकोणीस घरं चैतापर्यंत जेवणार होती. मास्तरांच्या नजरेपुढं ओळ स्वच्छ होती. त्यांनी वाचताना ती बदलली.

"माहेराच्या झऱ्यापाशी वाट वळे डावीला,
माझी नाचणी उभी गे, न दिसे कोणाला."

"छान," रेंजर म्हणाला. "माहेर कुठलं म्हणायचं यांचं?"

मास्तर घाईनं पुढची ओळ वाचू लागले. गिरजाबाई मात्र अस्वस्थ झाली होती. आपलं गाणं चुकीचं वाचलं जातंय, तेही जाणत्या माणसापुढं, हे तिला सोसेना. शेजारी बसलेल्या सुनेनं, फुलानं, तिचा हात दाबला. तिनं तो सोडवून घेतला.

"तसं न्हाई ते, मास्तर. माहेराच्या न्हवं, जांभळाच्या. आन् डावीला न्हाई, उजवीला."

मास्तरांनी वही मिटली. आता उजेड कमी झालाय, बाकीची उद्या वाचू, असं ते म्हणाले. अंगणात चांगलं ऊन होतं.

रेंजर उठून पुढं आला. गिरजाबाईसमोर मांडी घालून बसला, आणि आपल्या आईशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "आजी, तुमच्या तोंडून ऐकू द्या. पहिल्यापासून."

उभ्या आयुष्यात तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. गिरजाबाईनं पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि गायला लागली.