माप चुकलेला पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. पण पाट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जो येतो, जमिनीला टेकलेला, बसका, तसला मी नव्हे. माझे पाय चांगले वीतभर उंच आहेत. मी ना धड पाट, ना धड चौरंग. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून हसायला नको.

माझं लाकूड दांडेलीच्या सागवानाचं. हुबळीत, केशवापूरच्या ह्या घरात कुसुमावती अक्का सून म्हणून आल्या, त्या वर्षी सासूबाईंनी गौरीजेवणासाठी धोंडिबा सुताराला चार पाट सांगितले. तीन बेतशीर झाले. माझ्या वेळी त्याचं लक्ष कुठे होतं देव जाणे! "उद्या येऊन पाय कापून देतो," म्हणाला. तो उद्या चाळीस वर्षांत उगवला नाही.

पहिल्याच पंगतीत घरातल्या धाकट्या काकांना माझ्यावर बसवलं. ताट खाली, काका वर. घासाघासाला वाकता वाकता बिचाऱ्यांची कंबर धरली, अर्ध्या जेवणातून उठले. सगळी पंगत हसली. त्यानंतर माझ्यावर बसून कुणी जेवलं नाही. पुढे घरात डायनिंग टेबल आलं, माझे तिघे भाऊ माळ्यावर गेले आणि मी न्हाणीघर-संडासाबाहेरच्या बोळात. डोक्यावर वर्तमानपत्रांची रद्दी. वीस वर्षं मी जगाच्या शिळ्या बातम्या वाहिल्या! वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता अक्कांविषयी. अक्का शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्यापुढे पाढा चुकवायची कुणाची छाती नव्हती. गेल्या वर्षी त्यांना कॅन्सर झाला. ऑपरेशन नीट पार पडलं. मग डॉक्टरांनी केमोची सहा इंजेक्शनं सांगितली, तीन-तीन आठवड्यांनी एक. केस गेले तेव्हा अक्का म्हणाल्या, "चला, तेलाचा खर्च वाचला." अशी ही धीराची बाई.

आणि दुसऱ्या इंजेक्शननंतर हीच बाई मुलाला म्हणाली, "प्रभंजन, पुरे झालं. पुढचं इंजेक्शन मी घेणार नाही."

प्रभंजन जवळच्याच बेलूरच्या कारखान्यात नोकरीला. निघता निघता त्याने डबा खाली ठेवला. "अगं अक्का, अर्धीसुद्धा झाली नाहीत! का?"

"का नाही नि बी नाही. नको म्हणजे नको."

कारण फक्त मला ठाऊक होतं. मी न्हाणीघराच्या दाराशी असतो ना! अक्का सकाळी आत जायच्या, अर्धा-अर्धा तास बसायच्या, कण्हायच्या आणि रित्या हातांनी, घामाघूम होऊन बाहेर यायच्या. पाच दिवस झाले होते. पोट दगडासारखं झालेलं. एकदा तर आतून रडण्याचा आवाज आला. मित्रांनो, त्या रडण्याने मला आतून वाळवी लागल्यासारखं झालं. पण पाटाला कुठली आलीय वाचा?

दवाखान्यातल्या मंगला सिस्टरांनी विचारलं नव्हतं असं नाही. "अक्का, पोट साफ होतंय नव्हं?" पण शेजारी प्रभंजन उभा. मुलासमोर असलं बोलायचं? शिव शिव! अक्कांनी मान डोलावली, "हौद, हौद! होय, अगदी छान." सुनेला सांगायचं म्हणजे त्याहून लाज. सून बिचारी, नेत्रा तिचं नाव, आजारपणाचं पथ्य म्हणून तिन्ही त्रिकाळ मऊ भात नि तूप वाढत होती. भाकरी बंद, पालेभाजी बंद. पाण्याने मळमळतं म्हणून अक्का पाणीही घोटघोटच प्यायच्या. सगळ्यांनी मिळून, मायेने, त्यांचं पोट बांधून टाकलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी अक्का बाहेर आल्या, भिंत धरली, आणि रद्दी ढकलून धपकन माझ्यावर बसल्या. उंची नेमकी जमली. नेत्रा धावत आली.

"अक्का! काय होतंय? चक्कर आली का?"

अक्कांनी पदर तोंडाला लावला. "सहा दिवस झाले ग. होतच नाही. इंजेक्शनला भीत नाही मी, ह्याला भिते. पुन्हा हे नको."

"अगं बाई! म्हणून इंजेक्शन नको म्हणता होय? अहो, मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? कसं सांगू?"

नेत्राने डोळे पुसले नि ती कामाला लागली. आधी म्हणाली, "थांबा, मेडिकलमधून एनिमा आणते." मग तिलाच काय वाटलं, तिने मंगला सिस्टरांना फोन लावला. फोनमधला आवाज बोळभर घुमला. "एनिमा नको, आतून लावायची गोळी नको! केमोत अंगातली ताकद कमी असते. तिथं जराशी इजा झाली तर जंतू शिरतील. उलटी आहे का? वारा सरतोय का? आत्ताच्या आत्ता घेऊन या."

दुपारी दोघी परत आल्या तेव्हा अक्कांचा चेहरा अर्धा उतरला होता नि अर्धा खुलला होता. डॉक्टरांनी पोट तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाले. उलटी थांबवणाऱ्या गोळ्यांनीच असं होतं, चारांतल्या दोघांची तरी हीच तक्रार, फक्त सांगत कुणी नाही. पाण्यातून घ्यायचं औषध दिलं, आणि पुढच्या वेळी इंजेक्शनच्या दिवसापासूनच ते सुरू करायचं असं बजावलं. कोमट पाणी थोडं थोडं पण दिवसभर. भिजवलेल्या मनुका, पपई, सोसेल तशी भाकरी. घरातल्या घरात फेऱ्या. न्याहारीनंतर कमोडवर निवांत बसायचं, कुंथायचं नाही, आणि पाय छोट्या स्टुलावर उंच ठेवायचे.

"स्टूल?" नेत्रा इकडेतिकडे बघू लागली. आणि तिची नजर माझ्यावर पडली.

"अग ए! जेवणाचा पाट संडासात? सासूबाई वरून बघत असतील!"

नेत्रा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अक्का, ह्याच्यावर बसून कोण कोण जेवलंय?"

"धाकटे काका. एकदाच."

"अर्ध्या जेवणातून उठले, तुम्हीच सांगता. म्हणजे अर्धंच जेवण. मग हा जेवणाचा पाट कसा हो?"

गणिताच्या बाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. हिशेब बरोबर होता. माझा अपमान झाला खरा, पण मी तो गिळला. नेत्राने मला पुसलं, पायांना रबराचे तुकडे लावले आणि आत नेऊन ठेवलं.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचे पाय माझ्यावर टेकले. थंडगार, सुरकुतलेले. पाचेक मिनिटं गेली. हळूहळू ते पाय सैल पडले, आणि अक्का ओरडल्या, "नेत्रा! आतु ग, आतु! झालं!"

प्रभंजन एका पायात बूट घालून धावत आला. "काय झालं?"

"झालं म्हणते ना, झालं!"

मुलासमोर जी बाई खरं सांगताना लाजली, तिने अख्ख्या गल्लीला ऐकवलं. वरच्या मजल्यावरच्या सोनाबाईंनी विचारलं, "काय हो, नातू झाला की काय?" तिघंही पोट धरून हसले. मीही हसलो, लाकडाला जमेल तेवढं.

अक्कांनी तिसरं इंजेक्शन घेतलं. मग चौथं, पाचवं, सहावंही. आता दवाखान्यात तपासणीला गेल्या की सिस्टरांच्या आधी अक्काच शेजारच्या बायकांना विचारतात, "काय ग, पोट साफ होतंय का? मुलाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघून सांग."

परवा नेत्रा मला धुऊन, वाळवून गोकुळ रोडवरच्या एका सुताराकडे घेऊन गेली. अक्कांना दवाखान्यातल्या बायकांना द्यायला चार पाट करून हवे होते. सुताराने माझ्या पायाला टेप लावला. मी मान खाली घातली. सवयच ती.

"पाटाला जरा उंच वाटतो," तो म्हणाला. "थोडा कमी करू?"

"छे!" नेत्रा म्हणाली. "अक्कांनी सांगितलंय, एवढाच हवा. माप बरोबर आहे त्याचं."

मित्रांनो, चाळीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तुमच्या घरात कुणी असे उपचार घेत असेल, तर त्याला पोटाचं विचारायला लाजू नका, आणि तुम्हाला कुणी विचारलं तर खरं सांगा. मी सांगू शकत नव्हतो. तुम्हाला तोंड आहे.