दोनशे तेरा शनिवार

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. सकाळी सव्वादहा वाजता सांगलीच्या मार्केट यार्डालगतच्या हळदीच्या कोल्ड स्टोरेजच्या फाटकावर कुरिअरवाल्याने एक जाड पाकीट दिले. पहारेकरी लालासाहेब फडतरे यांनी आधी आवक रजिस्टरात वेळ लिहिली, मग सही केली आणि मग पाकिटावरचे नाव वाचले. नाव त्यांचेच होते.

आत पुस्तक होते. ड्रमकील रोव्हर्स या आयर्लंडमधल्या एका लहान गावच्या फुटबॉल क्लबचा शंभर वर्षांचा इतिहास. पाने तीनशे छत्तीस, त्यातली शेवटची दीडशे नुसते तक्ते : कोणत्या तारखेला कोणाशी सामना, किती गोल, कोणी, कितव्या मिनिटाला, प्रेक्षक किती.

हमालांचा मुकादम जोतिबा पोत्यांची गाडी लावून फाटकाशी आला होता. लालासाहेब हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण यार्डात सगळे त्यांना मेजर म्हणत.

“आलं व्हय मेजर? दावा की नाव. दोन वर्षं ऐकतूय आमी.”

“मागं आसतंय. आभाराच्या पानावर.”

आभाराच्या पानावर एक्केचाळीस नावे होती. जोतिबाला इंग्रजी येत नव्हते. तो लालासाहेबांच्या बोटाकडे बघत होता. बोट खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले. शाळेचे नाव होते, खाटकाचे होते, छायाचित्रकाराला शिडी देणाऱ्या हार्डवेअरच्या दुकानाचेही होते.

“बारीक अक्षरात आसंल,” जोतिबा म्हणाला.

“सगळी अक्षरं सारखीच हायती.”

जोतिबा चहा सांगतो म्हणाला आणि गेला. चहा आला तेव्हा लालासाहेब तक्त्यांची पाने उलटत होते. २००४ ते २०११ या आठ हंगामांचे तक्ते त्यांना वाचावे लागले नाहीत. ते त्यांना पाठ होते.

हे कसे, ते सांगायला पंचवीस वर्षे मागे जावे लागते. खटाव तालुक्यातल्या, वडूजपासून सात मैलांवरच्या एका गावातून फौजेत गेलेले लालासाहेब २००० साली शांतिसेनेबरोबर दक्षिण लेबनॉनमध्ये होते. काम चौकीची नोंदवही लिहिण्याचे. तिथे भारतीय आणि आयरिश जवानांचा फुटबॉलचा सामना झाला. लालासाहेब खेळले नाहीत. त्यांनी बाजूला बसून गोल आणि मिनिटे टिपली. पलीकडे एक आयरिश कॉर्पोरल तेच करत होता. सामना संपल्यावर दोघांच्या वह्या ताडून पाहिल्या, तर मिनिटासकट जुळल्या. त्या कॉर्पोरलचे नाव डोनल कीरन. तो आपल्या गावच्या क्लबचा प्रत्येक सामना असाच वहीत उतरवत असे. क्लबने त्याला हे काम दिलेले नव्हते. गावातले साप्ताहिक बंद पडले होते आणि दुसरे कोणी लिहीत नव्हते, म्हणून तो लिहीत असे.

नोंदीची एकच प्रत असेल तर ती नोंद नव्हे, असे दोघांचेही मत पडले. २००४ साली लालासाहेबांनी मोबाइल घेतला, तेव्हापासून डोनल सामना संपताच मैदानातून मेसेज करी. लालासाहेब सकाळी उठून तो रजिस्टरात उतरवत. पठाणकोटला असोत, जोधपूरला असोत, नंतर निवृत्त होऊन सांगलीत असोत. आठ वर्षे, पाच रजिस्टरे, दोनशे एक्याऐंशी सामने. त्यातला एकही त्यांनी पाहिला नव्हता. मैदान कसे दिसते हेही त्यांना आज, या पुस्तकातल्या फोटोवरून कळले. एका बाजूला पत्र्याची शेड होती आणि कुंपणापलीकडे गुरांचा बाजार.

२०११च्या हिवाळ्यात डोनल गेला. त्याच्या बहिणीचे पत्र आले, त्यात घर रिकामे करताना जुने कागद टाकून दिल्याचे लिहिले होते. त्याच हिवाळ्यात क्लबचे दिवाळे निघाले आणि कार्यालयातला संगणक जप्तीत गेला. क्लब पुढे पुन्हा उभा राहिला, पण त्या आठ वर्षांचे त्याच्याकडे काही नव्हते. २०२३ साली क्लबने इंटरनेटवर आवाहन केले : कोणाकडे नोंदी असल्यास कळवावे. लालासाहेबांची मुलगी अंकिता हिने पाचही रजिस्टरांचे फोटो काढून पाठवले. सोबत वडिलांची एक विनंती होती. पुस्तकात एक ओळ असावी : ‘कॉर्पोरल डोनल कीरन यांचे मेसेज, हवालदार लालासाहेब फडतरे यांचे रजिस्टर.’ उत्तर दोन ओळींचे आले. नोंदी अमूल्य आहेत, समिती संपर्क करील. समितीने संपर्क केला नाही.

आता ते दोनशे एक्याऐंशी सामने समोर छापलेले होते. गोलांची मिनिटे तीच. प्रेक्षकांचे आकडे तेच, जे डोनल शेडमधून नजरेने मोजत असे. खाली लिहिले होते : संकलन, नोंद समिती.

सव्वाअकराच्या सुमारास लालासाहेबांचे लक्ष तारखांपुढच्या वारांकडे गेले. शनिवार, शनिवार, रविवार, शनिवार. त्यांनी पुस्तकाचे चौदावे पान पुन्हा उघडले. त्यावर लिहिले होते की शनिवारी शेजारी गुरांचा बाजार भरतो, म्हणून १९६१पासून क्लबने शनिवारी एकही सामना खेळलेला नाही. सामने शुक्रवारी संध्याकाळी, किंवा रविवारी दुपारी.

शुक्रवारी तिथे रात्री पावणेआठला सुरू झालेला सामना इथल्या घड्याळात दोन वाजता संपत असे. तोवर इथे शनिवार लागलेला असे. फौजेत शिकवले होते, ज्या चौकीवर नोंद होते त्या चौकीची वेळ लिहायची. लेबनॉनमध्ये दोघांच्या मनगटावर एकच वेळ होती, म्हणून वह्या जुळल्या. पुढे आठ वर्षे लालासाहेबांनी फोनवर दिसणारी तारीख उतरवली आणि एकदाही शंका घेतली नाही. रविवारचे दुपारचे सामने बरोबर होते. शुक्रवारचे दोनशे तेरा सामने, झाडून सगळे, एक दिवस पुढे गेले होते. समितीने ते तसेच उचलले होते.

ड्यूटी संपवून ते सांगलीवाडीतल्या घरी आले. मनुबाई मेथी निवडत होत्या. नवऱ्याने बूट काढायला लावलेला वेळ बघून त्यांनी ओळखले.

“न्हाई आलं नाव.”

“न्हाई.”

मनुबाईंनी काड्या एका बाजूला केल्या. त्या पुढे बराच वेळ बोलल्या, त्यात नवीन काही नव्हते. २०१९च्या पुरात आधी रजिस्टरे माळ्यावर गेली आणि मग पिठाचा डबा, हे आले. लोकांच्या गावातले गोल लिहायला सवड होती आणि लेकीच्या शाळेत कधी पाऊल टाकले नाही, हेही आले. शेवटी त्या म्हणाल्या, “आत्याबाई गेल्या तवा बी आधी गोल लिवलं, मग गाडी धरली. आन त्यास्नी तुमच्यासाठी एक वळ गावली न्हाई.”

हे खरे होते. २५ ऑगस्ट २००७, शनिवार. लालासाहेब जोधपूरला होते. रात्री दोन वाजून पाच मिनिटांनी डोनलचा मेसेज आला. चार वाजून दहा मिनिटांनी गावाहून फोन आला, की आई हरणाबाई गेली. गाडी सकाळी होती. मधल्या वेळात त्यांनी सामना रजिस्टरात उतरवला आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहिले : ‘आई गेली.’ ते गावी तिसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा राख सावडून झाली होती. पाच रजिस्टरांत मराठीत लिहिलेले तेवढेच दोन शब्द आहेत. बाकी सगळे इंग्रजीत. मनुबाईंना त्यातले तेवढेच वाचता आले होते.

छापील तक्त्यात त्या सामन्यापुढचा शेऱ्याचा रकाना कोरा होता.

अंकिता एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाइप करते. ती साडेसातला आली. लालासाहेबांनी तिला वारांचा घोळ समजावून सांगितला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळला.

“पप्पा, मग हाच पुरावा झाला की. दुसऱ्या कुणाच्या वहीत शुक्रवारचा शनिवार झाला असता? त्यांना विचारायचं, तुमच्याकडं शनिवारी गुरांचा बाजार असतो, मग हे शनिवार आले कुठनं?”

“मंजी चोर धराय माझी चूक म्होरं करायची.”

“व्हय.”

“आन चूक तशीच ऱ्हायाची पुस्तकात?”

“नाव घालंपर्यंत राहू दे. तुम्ही गपचूप दुरुस्त करून दिली, की तिथं आपलं काय उरतं? तेवढीच तर सही आहे तुमची.”

मनुबाई आतून म्हणाल्या, “पोरीचं ऐका. आयुष्यात एकदा तरी.”

लालासाहेबांनी पुस्तक मिटले. जेवण झाले. हात धुऊन आल्यावर ते म्हणाले, “डोनल शुक्रवारी पावसात हुबा ऱ्हाऊन मेसेज करायचा. शनिवारी न्हाई.”

एवढ्यावर तो विषय संपला. अंकिता दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. शुक्रवारचे सामने आणि रविवारचे सामने एकेक करून वेगळे करायचे होते, कारण सरसकट एक दिवस मागे घेतला असता तर बरोबर असलेल्या तारखा चुकल्या असत्या. त्यांनी आठ वर्षांची कॅलेंडरे मिळवली. ड्यूटीवर जाण्याआधी पहाटे बसून ते काम करत. फौजेच्या नोंदवहीत खोडायचे नसते, गिरवायचे नसते. चुकीवर एकच रेघ, बाजूला तांबड्या शाईत बरोबर नोंद आणि सही. त्यांनी तसेच केले. जोतिबाने एकदा विचारले, की मेजर, त्यांनी तुमाला इचारलं तरी का. लालासाहेब म्हणाले, “न्हाई.” जोतिबा म्हणाला, “मग आपून कशाला गड्या त्यांची गादी झाडाय जायाचं.”

सोमवार, १७ नोव्हेंबर. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी अंकिताने टाइप केलेली यादी क्लबला गेली. जुनी तारीख, नवी तारीख. वर चार ओळींचे पत्र : चूक माझी आहे, भारतीय वेळेमुळे झाली, पुढच्या आवृत्तीत सुधारावी. अंकिताने शेवटी आपल्या मनाने नावाची ओळ घातली होती. लालासाहेबांनी ती काढायला लावली. मागणी आणि दुरुस्ती एका कागदावर करायची नसते, असे त्यांचे म्हणणे पडले.

क्लबचे उत्तर आले नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर रोजी क्लबच्या वेबसाइटवरचे तक्ते बदललेले दिसले. खाली एक टीप वाढली होती : तारखा समितीने तपासून दुरुस्त केल्या आहेत. अंकिताने ती वडिलांना वाचून दाखवली. ते युनिफॉर्मला बटण लावत होते. तारखा बरोबर आल्या का, एवढेच त्यांनी विचारले. आल्या, ती म्हणाली. तिने मोजल्या नव्हत्या.

मोजल्या ते डिसेंबरात, लॅबमध्ये काम कमी होते त्या दिवशी. शुक्रवार दोनशे बारा झाले होते. एक शनिवार उरला होता. २५ ऑगस्ट २००७. निकाल २–१, विजयी गोल चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला, प्रेक्षक पाचशे चाळीस. समितीच्या नजरेतून एक सुटला असेल म्हणून तिने आपण पाठवलेली यादी उघडली. यादीत दोनशे बाराच तारखा होत्या. टाइप करताना आपण गाळली असेल म्हणून तिने घरी येऊन तिसरे रजिस्टर काढले. त्याच्या आदल्या आठवड्याच्या तारखेवर रेघ होती, तांबडी सही होती. पुढच्या आठवड्याच्या तारखेवरही होती. त्या तारखेवर काही नव्हते. शेऱ्याच्या रकान्यात फक्त ते दोन मराठी शब्द होते.

तिने वडिलांना विचारले, की एक राहिली का.

लालासाहेबांनी चष्मा न लावता रजिस्टराकडे पाहिले. “यादी गेली ती बराबर हाय,” ते म्हणाले, आणि डबा घेऊन ड्यूटीवर गेले.

अंकिताने आईला काही सांगितले नाही. क्लबलाही कळवले नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार असल्याचे वेबसाइटवर आहे, तारीख जाहीर झालेली नाही. आभारांच्या यादीत अजून एक्केचाळीस नावे आहेत. १० जानेवारी २०२६च्या सकाळी पाहिले तेव्हा तक्त्यातला तो एक सामना शनिवारीच खेळलेला दिसत होता.